कोठडीतला वादी

दिवाणी दाव्याच्या वादपत्रात शेवटाकडे एक छोटा परिच्छेद असतो. दाव्याचे मूल्यांकन किती, त्यावर कोर्ट फी किती आणि ती कशी भरली, एवढेच त्यात लिहिलेले असते. पक्षकाराला आपली हकीकत वाचून दाखवताना या परिच्छेदापाशी आले की त्याचे लक्ष उडते. न्यायालयातला कारकून मात्र वादपत्र हाती पडताच प्रथम तेच पाहतो. फी पूर्ण असल्याखेरीज दाव्याला क्रमांक पडत नाही आणि क्रमांक पडल्याखेरीज न्यायाधीशांच्या दृष्टीने तो दावा अस्तित्वातच येत नाही. वकिलीच्या आयुष्यात मी हा परिच्छेद असंख्य वेळा लिहिला असेन. तो कोणासाठी लिहिला जात नाही, याचा विचार करण्याची वेळ तुरुंगातल्या एका पक्षकारामुळे आली.

आमचे जळकोट हे तुळजापूर तालुक्यातले, सोलापूर–हैदराबाद महामार्गावरचे गाव. नळदुर्ग सोडून उमरग्याकडे निघाले की लागते. महामार्ग चौपदरी होताना दुतर्फा जमिनी गेल्या आणि ज्यांच्या वावरात तूर, उडीद, सोयाबीन यांपलीकडे कधी काही आले नव्हते, त्यांच्या खात्यावर मावेजाच्या रकमा जमा झाल्या. मावेजाने आमच्या भागात जितकी घरे बांधली, तितकीच फोडली. जळकोटपासून हाकेच्या अंतरावरच्या एका गावात असेच एक घर होते. थोरला भाऊ खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगत होता. खटल्याच्या खर्चाला कर्ज काढता यावे म्हणून त्याने धाकट्याला कुलमुखत्यारपत्र करून दिले होते. त्याच कागदाच्या बळावर धाकट्याने दोघांचाही मावेजा उचलला. आधी सांगितले, पैसे बँकेत ठेवलेत. मग सांगितले, वकिलावर गेले. पुढे मुलाखतीला येणेच बंद केले.

कायदेविषयक सल्ल्यासाठी मी तुरुंगात जात असे तेव्हा हा गृहस्थ मला भेटला. आपल्या गुन्ह्याबद्दल त्याने एक अवाक्षरही काढले नाही. सहानुभूतीची अपेक्षाही दाखवली नाही. तो म्हणाला, "साहेब, मी केलं ते मी भोगायलोय. पण माझ्या हिश्श्याचं त्यानं का खावं?" न्यायशास्त्राचे ग्रंथ न वाचलेल्या माणसाने दोन हिशेब किती स्वच्छपणे वेगळे ठेवले होते! समाजाचे देणे तो शिक्षेच्या रूपाने फेडत होता. भावाकडचे येणे ही निराळी बाब होती, आणि शिक्षेमुळे ते येणे बुडावे असे कोणत्याही निकालपत्रात लिहिलेले नव्हते.

हे वेगळेपण कायद्यालाही सहजासहजी सुचलेले नाही. इंग्लंडमध्ये १८७० च्या कायद्यानुसार गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाला शिक्षा संपेपर्यंत स्वतःच्या मालमत्तेसाठी दावा लावता येत नसे. ती अपात्रता १९४८ मध्ये गेली. आपल्या भारतीय दंडसंहितेतही काही शिक्षांच्या जोडीला मालमत्ता सरकारजमा करण्याची कलमे होती, ती १९२१ मध्ये रद्द झाली. त्यानंतर भारतीय कैदी हा मालमत्तेचा स्वामी आणि वादी होण्यास पात्र असा पूर्ण व्यवहारक्षम माणूस राहिला. कागदावर त्याच्या वाटेत काहीही उरले नाही. उरली ती फी.

महाराष्ट्रात कोर्ट फीचा १९५९ चा कायदा चालतो. पैशाच्या दाव्यात मागणीची रक्कम वाढेल तशी फी चढत जाते. तिची कमाल मर्यादा पूर्वी ३ लाख रुपये होती, जानेवारी २०१८ पासून ती १० लाख रुपये झाली. शेतजमिनीच्या काही दाव्यांत मूल्यांकन शेतसाऱ्याच्या पटीत धरतात आणि सारा नाममात्र असल्याने फीही थोडी बसते. म्हणून आमच्याकडचा कोरडवाहू शेतकरीही वाटणीच्या दाव्याला सहसा फीमुळे अडत नाही. परंतु जमीन गेली आणि तिचा पैसा झाला, की तोच हिस्सा मागणे महाग होते. वावर मागणाऱ्याला जे परवडले असते, ते त्याच वावराचा मावेजा मागणाऱ्याला परवडत नाही. या विसंगतीकडे फारसे कोणी पाहिलेले नाही, कारण बाहेरचा माणूस उसनवारी करून ती भरून काढतो.

कैद्यासाठी कायद्यात सवलतच नाही असे नव्हे. १८७० च्या केंद्रीय कोर्ट फी कायद्याच्या १९व्या कलमात फीमाफ कागदांची यादी आहे आणि तीत कैद्याचा अर्ज आहे. जामीन, सुटका, गैरवागणुकीची तक्रार यांसाठी कोठडीतून निघालेल्या कागदाला तिकीट लावावे लागू नये, ही भावना त्यामागे असावी. परंतु अर्ज वेगळा आणि रकमेची मागणी करणारे वादपत्र वेगळे. माझ्या अनुभवात तरी कोणत्या कार्यालयाने या सवलतीखाली वादपत्र घेतलेले मी पाहिलेले नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या विधिकारांनी कैदी सुटका मागेल, दया मागेल असे गृहीत धरले. तो हिशेब मागेल ही कल्पना बहुधा त्यांना शिवली नसावी.

एका सहकाऱ्याने मला व्यावहारिक तोड सुचवली होती. महाराष्ट्र शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. वडिलांच्या मागे आईलाही हिस्सा पोचतो. तेव्हा आईला वादी करा, मुलाला प्रतिवादीत घाला, दावा फुकटात उभा राहतो. तोड कायदेशीर होती, आणि अधिसूचना तर अतिशय स्तुत्य आहे. पण त्या गृहस्थाने मान हलवली. "माय सत्तरीच्या पुढं गेलीय. तिला कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावू? आणि एका पोरावर दुसऱ्या पोरासाठी दावा?" वकिलाच्या डावपेचात न बसणारा हा आक्षेप होता आणि तो मला मान्य करावा लागला. आपल्या हक्कासाठी स्वतःचे नाव वर घालण्याची मुभा माणसाला असली पाहिजे.

राहता राहिला दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३३. फी भरण्याइतकी ऐपत नसलेल्या व्यक्तीला न्यायालयाच्या परवानगीने फी न भरता दावा लावता येतो. वकिलांच्या बोलण्यात तो अजून नादारीचा अर्जच आहे. आमच्या या गृहस्थाचा असा अर्ज आधीच्या वकिलांनी दाखल केलेला होता आणि तो बरेच दिवस अडकून पडला होता. अर्जासोबत मालकीच्या सर्व स्थावर-जंगम वस्तूंची अंदाजे किमतीसह यादी द्यावी लागते. ती यादी मी पाहिली. रेघी कागदावर, दुसऱ्या कोणा कैद्याच्या वळणदार अक्षरात लिहिलेली. पीपीसी खात्यावरची, म्हणजे घरून आलेल्या मनीऑर्डरीची आणि जेलच्या मजुरीची शिल्लक, तिच्यावर तुरुंगाचा शिक्का. त्याखाली स्टीलचा एक डबा, स्वतःची एक चादर, रबरी चपला, चष्मा. चष्म्यापुढे कंसात 'एक काडी दोऱ्याने बांधलेली' अशी नोंद आणि किमतीच्या रकान्यात आडवी रेघ. खोटी माहिती दिली तर अर्ज फेटाळला जाईल, असे कोणी बजावले असणार; त्याशिवाय माणूस तुटक्या काडीचा खुलासा करत नाही.

या अर्जावर सरकार पक्षाचे म्हणणे असे आले की अर्जदाराचे नाव सातबाऱ्यावर आहे, सबब तो निर्धन नाही. नियम असा की जी वस्तू दाव्याचा विषय आहे ती ऐपतीत धरायची नाही. पण महामार्गाला गेलेल्या पट्ट्याखेरीज उरलेले जिरायत वावर होतेच, आणि त्यावर दोघा भावांची नावे होती. सर्वोच्च न्यायालयाने मथाई पैकेडे या केरळच्या प्रकरणात २०११ मध्ये स्पष्ट केले आहे की ऐपत म्हणजे रीतसर मार्गाने फीपुरता पैसा उभा करण्याची प्रत्यक्ष क्षमता. या निकषावर बाहेरच्या माणसाचे वावर ही ऐपत ठरू शकते. तो ते गहाण टाकील, ठोक्याने देईल, निदान त्याच्या भरवशावर सोसायटीतून काही उचलील. कैद्याला यातले काय करता येते? तलाठ्याकडे जाता येत नाही, बँकेत जाता येत नाही, आणि ज्याच्या ताब्यात वावर आहे तोच प्रतिवादी आहे.

आदेश ३३ चा आणखी एक नियम असा की अर्ज अर्जदाराने स्वतः न्यायालयात हजर राहून सादर करावा. ज्याला हजेरीतून सूट आहे त्याने अधिकृत प्रतिनिधीमार्फत करावा. नियमामागचा हेतू रास्त आहे. न्यायाधीशांनी अर्जदाराला समोर पाहावे, त्याची विचारपूस करावी आणि खोट्या नादारीला तिथेच आळा बसावा. पण मध्यवर्ती कारागृहातला माणूस स्वतः कसा हजर राहणार? शेवटी बहिणीच्या मुलाच्या नावे मुखत्यारपत्र करावे लागले. एका मुखत्यारपत्राने बुडालेल्या माणसाला दाद मागण्यासाठी दुसरे मुखत्यारपत्र करून द्यावे लागले, आणि त्याने ते मुकाट्याने सही करून दिले.

पुढे साक्षीची वेळ येते तेव्हा अडचण आणखी वाढते. संहितेत १९७६ साली घातलेला आदेश १६-अ कैदी साक्षीदारांसाठी आहे. न्यायालय तुरुंगापासून २५ किलोमीटरहून दूर असेल तर कमिशनवर, म्हणजे नेमलेल्या माणसामार्फत तुरुंगातच जबाब घेणे पुरेसे होणार नाही अशी खात्री पटल्याखेरीज कैद्याला आणण्याचा हुकूम देऊ नये, असे तो सांगतो. शिवाय हुकूम देण्याआधी ज्याच्या लाभासाठी कैद्याला आणायचे त्याने बंदोबस्तासह येण्याजाण्याचा खर्च न्यायालयात भरायचा. आमचा हा गृहस्थ होता त्या हर्सूलच्या कारागृहापासून तुळजापूरच्या न्यायालयापर्यंतचे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटरचे आहे. आता प्रश्न असा, की साक्षीदार आणि वादी एकच असेल तर पोलीस गाडीचे भाडे, शिपायांचा भत्ता हे सगळे कोणी भरायचे? फीच्या तक्त्यात न दिसणारी ही दुसरी फी आहे. दूरदृश्य यंत्रणेने अलीकडे हा भार पुष्कळ हलका केला आहे हे मान्य करायला हवे. तरी कागद ओळखणे, सही पटवणे, उलटतपासात नजरेला नजर देणे या गोष्टी पडद्यावर नेहमी साधतातच असे नाही.

आणि या सगळ्या काळात मुदतीचा कायदा थांबत नाही. १९६३ च्या मुदत कायद्याने ज्यांच्यासाठी काळ थोपवून धरला आहे ते तिघे: अज्ञान, वेडा आणि जन्मजात मंदबुद्धी. कैदी त्यांत नाही. युक्तिवाद म्हणून हे समजते. कैद्याची बुद्धी शाबूत असते, तो पत्र लिहू शकतो, वकील देऊ शकतो. पण काळ सर्वांसाठी सारख्याच वेगाने जातो ही समजूत तुरुंगात टिकत नाही. बाहेर एका नकलेसाठी अर्धा दिवस जातो. आत त्याच नकलेसाठी आधी अर्ज, मग कार्यालय, मग टपाल, मग पुढची मुलाखत, आणि नातेवाईक आला नाही तर त्याच्या पुढची. मावेजाच्या वसुलीला कायद्याने दिलेली तीन वर्षे आतल्या माणसासाठी तीन वर्षे नसतात. एक दिलासा एवढाच की नादारीचा अर्ज ज्या दिवशी सादर होतो तोच दाव्याचा दिवस धरला जातो. अर्जाच्या चौकशीत कितीही काळ गेला तरी दावा मुदतबाह्य होत नाही.

वाचकांपैकी पुष्कळांची अशी समजूत असेल की नादारी मंजूर झाली म्हणजे फी माफ झाली. तसे नाही. आर. व्ही. देव प्रकरणात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितले आहे की आदेश ३३ फी लांबणीवर टाकतो, पुसून टाकत नाही. वादी जिंकला तर मिळालेल्या मालमत्तेवर सरकारच्या फीचा पहिला बोजा बसतो. हरला तर फी भरण्याचा हुकूम त्याच्यावर होतो आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. सातबाऱ्यावरचा बोजा काय असतो हे आमच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. जिंकलेल्याने मिळालेल्या पैशांतून फी द्यावी यात मला अन्याय दिसत नाही. हरलेल्या कैद्याकडून ती कशातून घ्यायची? महाराष्ट्रात २०२३ मध्ये बंद्यांच्या मजुरीचे दर वाढले, तरी अकुशल कामाची दिवसाची मजुरी साठ रुपयांच्या आतच राहिली. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ च्या गुजरातच्या प्रकरणात सक्तमजुरीच्या कैद्याला न्याय्य मोबदला मिळाला पाहिजे आणि त्यातला काही भाग गुन्ह्याने पीडित झालेल्यांच्या भरपाईसाठी बाजूला काढावा असे म्हटले. त्या मजुरीवर पहिला नैतिक हक्क कोणाचा असेल तर तो पीडिताचा. न्यायालयाच्या तिजोरीचा खचित नव्हे.

आतापर्यंत मी भावाभावांतल्या वादाचे बोललो. प्रतिवादी खुद्द शासन असेल तेव्हा प्रश्नाचे स्वरूपच बदलते. तुरुंगातल्या कारखान्यात बोट गेले, उपचाराअभावी डोळा गेला, निर्दोष सुटूनही माणूस आतच राहिला, तर नुकसानभरपाईचा दावा शासनावर लावायचा असतो. अशा दाव्यात वादीचा देह शासनाच्या ताब्यात, दाव्याची फी शासनाच्या तिजोरीत आणि दाव्याला विरोध करणारा वकील शासनाचा. या तीन भूमिका एकाच पक्षाकडे असलेला दुसरा कोणताही वाद मला आठवत नाही.

बिहारमधला रुदुल साह जून १९६८ मध्ये निर्दोष ठरला आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये सुटला. मधली चौदा वर्षे तो कोणत्याही शिक्षेविना तुरुंगात होता. १९८३ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या न्यायपीठाने शासनाला आधी दिलेल्या ५ हजारांखेरीज आणखी ३० हजार रुपये तात्पुरती भरपाई म्हणून देण्यास सांगितले. हा निकाल आपल्या घटनात्मक इतिहासातला एक टप्पा मानला जातो आणि तो आहेच. त्यात असेही नमूद आहे की योग्य त्या पूर्ण भरपाईसाठी दिवाणी दावा लावण्यास त्याला मोकळीक राहील. दिवाणी वकिलाच्या नजरेने ही मोकळीक पाहिली तर काय दिसते? चौदा वर्षांची किंमत जितकी मोठी मागावी, तितकी फी मोठी. आणि अन्याय्य कैदेबद्दलच्या भरपाईला मुदत कायदा कैद संपल्यापासून एकच वर्ष देतो. सुटलेला माणूस ते वर्ष निवारा, शिधापत्रिका आणि कामधंदा शोधण्यात घालवतो. शासनाने त्याची चौदा वर्षे चुकीने घेतली. त्याने एक वर्ष चुकीने दवडले तर मात्र दावा संपला.

अमेरिकेने या बाबतीत फार विचारपूर्वक एक कठोर मार्ग निवडला आहे. तिथे कैद्यांचे दावे संघीय न्यायालयांत फार वाढले अशी ओरड झाली आणि १९९६ मध्ये कैद्यांच्या दाव्यांसाठी स्वतंत्र कायदा आला. गरीब नागरिकाला फी माफ होऊ शकते, पण गरीब कैद्याला ती हप्त्याहप्त्याने पूर्ण भरावीच लागते. मूळ फी ३५० डॉलर. तुरुंगातल्या खात्यावर येणाऱ्या किंवा शिल्लक असणाऱ्या रकमेच्या सरासरीचा पाचवा हिस्सा आरंभी, आणि नंतर दरमहाच्या जमेचा पाचवा हिस्सा, फी फिटेपर्यंत. खात्यावर काहीच नसेल तर केवळ त्या कारणाने दावा अडवायचा नाही, एवढी माणुसकी कायद्याने ठेवली. मात्र तीन दावे निरर्थक ठरले की हप्त्याची सवलतही जाते, गंभीर शारीरिक इजेचा तातडीचा धोका असेल तेवढा अपवाद. २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असा अर्थ लावला की कैद्याचे अनेक दावे असतील तर प्रत्येकाचा पाचवा हिस्सा एकाच वेळी कापावा. पाच दावे असले की महिन्याची सगळी जमा गेली.

या कायद्यामागचा युक्तिवाद आपण हसण्यावारी नेऊ नये. फुकट मिळणाऱ्या गोष्टीचा अपव्यय होतो, रिकामा वेळ भरपूर असलेला माणूस कागद काळे करतो, आणि त्याच्या दहा खोट्या दाव्यांखाली दुसऱ्याचा एक खरा दावा गाडला जातो. शेवटचा मुद्दा तर मी न्यायालयाच्या आवारात रोज पाहतो. तरीही हा युक्तिवाद मला पटत नाही. १७९५ मध्ये बंगालच्या इंग्रजी सरकारने दाव्यांवर फी बसवली तीही खोट्या दाव्यांना आळा घालण्याच्या नावाखाली, आणि पुढे मेकॉलेनेच त्या कारणाची खिल्ली उडवली. फी खऱ्या-खोट्याची निवड करीत नाही, ती ऐपतीची निवड करते. खोटा पण सधन वादी ती भरून आत येतो. खरा पण निर्धन वादी दाराशी थांबतो. निरर्थक दावा आरंभीच फेटाळण्याचा अधिकार आदेश ७ मधील नियम ११ ने न्यायाधीशाला दिलेला आहे. तो वापरण्याचे कष्ट घ्यावे लागतात एवढेच. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या विधि आयोगाने १९५८ मध्येच सांगून ठेवले की न्यायदानातून शासनाने नफा काढू नये. त्या अहवालाला इतकी दशके झाली, आणि फीचे तक्ते मात्र वरच सरकत गेले.

उपाय अस्तित्वात आहे आणि तो नवा नाही. विधि सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आलेला. त्याच्या १२व्या कलमात मोफत विधि सेवेला पात्र असणाऱ्यांची यादी आहे. स्त्रिया व बालके, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कामगार यांच्यासोबत दुष्काळ, पूर आणि भूकंप यांचे पीडित तीत आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे उमरगा-लोहारा भागात भूकंपाने ज्यांची घरे जमीनदोस्त झाली त्यांच्या वारसहक्काच्या वादांत या कलमाचा उपयोग होऊ शकतो, हे आमच्याकडच्या वकिलांना ठाऊक असते. त्याच यादीत कोठडीत असलेली व्यक्ती आहे, आणि तिला उत्पन्नाची अट नाही. विधि सेवेत वकील येतो, तशीच कोर्ट फी येते, नकलांचा आणि नोटिशीचा खर्चही येतो. दिवाणी दाव्याला ही सेवा नाही असे कुठेही म्हटलेले नाही.

मग ती मिळत का नाही? मला दिसणारे कारण असे. हॉसकॉट प्रकरणाने १९७८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका कैद्याच्या निमित्ताने मोफत वकिलाचा आणि निकालाच्या मोफत नकलेचा हक्क पक्का केला, तेव्हापासून कैदी आणि विधि सेवा हे समीकरण फौजदारी बाजूला इतके घट्ट जुळले की दुसरी बाजू झाकली गेली. जामीन, अपील, पॅरोल, फर्लो यांची चौकशी तुरुंगात होते. "बाहेर तुमची काही जमीन आहे का, ती कोणाच्या ताब्यात आहे, कोणाला मुखत्यारपत्र दिले आहे का?" हे प्रश्न कोणी विचारत नाही. आमच्या या गृहस्थालाही अपिलासाठी मोफत वकील मिळालेला होता. त्याच अर्जाच्या जोरावर दिवाणी दाव्याचाही खर्च मागता येतो हे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि सांगणे हे कोणाचे कर्तव्य आहे हे कुठे नेमके लिहिलेलेही नव्हते.

कर्तव्य कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर मला १९६५ च्या एका निकालात सापडते. कम्युनिस्ट नेते प्रभाकर संझगिरी मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. त्यांनी 'अणूच्या अंतरंगात' हे विज्ञानविषयक मराठी पुस्तक आतच लिहिले आणि हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठवण्याची परवानगी मागितली. शासनाने ती नाकारली. स्थानबद्धतेच्या हुकुमाने जे हिरावलेले नाही ते तुरुंगाच्या प्रशासनाला हिरावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आणि हस्तलिखित बाहेर आले. या निकालाचा आधार एकाच तत्त्वावर आहे: कोठडी जितके घेते त्याची मर्यादा हुकुमात लिहिलेली असते आणि उरलेले सर्व त्या माणसाचेच असते. माझे म्हणणे त्याच्या एक पाऊल पुढे आहे. उरलेले जपण्याची साधने, म्हणजे पाय, पैसा आणि वेळ, शासनाने ताब्यात घेतली असतील, तर ते जपण्याची जबाबदारीही त्या ताब्यासोबत शासनाकडे येते. बँक लॉकरची किल्ली घेऊन वर लॉकर उघडण्याचे शुल्क मागत नाही. माणसाच्या देहाची किल्ली घेतलेल्या शासनाने त्याच्या वादपत्रावर तिकीट मागणे मला तितकेच विपरीत वाटते.

यासाठी नवी संहिता लिहावी लागत नाही. कोर्ट फी कायद्याच्या ४६व्या कलमाखाली राज्य शासनाला फी माफ करण्याचा अधिकार आहे. स्त्रियांना माफी देणारी १९९४ ची अधिसूचना त्याच कलमाखाली निघाली. कोठडीतल्या व्यक्तीच्या वादपत्रासाठी तशीच एक अधिसूचना निघू शकते, निदान शासनाविरुद्धच्या दाव्यांपुरती तरी निघायलाच हवी. मुदतीचा प्रश्न संसदेचा आहे आणि तो लांबचा आहे. फीचा प्रश्न मुंबईत एका सहीने सुटणारा आहे.

आमच्या त्या गृहस्थाची नादारी अखेर मंजूर झाली, दाव्याला क्रमांक पडला, धाकट्या भावाने कैफियत दिली. साक्षीपुरावा अजून व्हायचा आहे.

वाचकहो, आपल्या गावातले, भावकीतले कोणी तुरुंगात असेल आणि त्याच्या जमिनीचा, मावेजाचा किंवा पैशाचा वाद असेल, तर पैसा जमेपर्यंत थांबू नका. धाराशिवला किंवा ज्या जिल्ह्यात आपण असाल तिथल्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. तिथे अर्ज देता येतो, तुरुंगातल्या विधि सहायता केंद्रातून कैद्यालाही देता येतो, आणि १५१०० या क्रमांकावर माहिती मिळते. अर्जात दावा दिवाणी आहे आणि कोर्ट फीचा खर्चही हवा आहे, हे स्पष्ट लिहा. मुखत्यारपत्र दिलेले असेल आणि विश्वास उडाला असेल तर ते रद्द करण्याचा लेख आजच करून घ्या. आणि अन्यायाने झालेल्या कैदेची भरपाई मागायची असेल, तर सुटकेच्या दिवसापासून हाती एकच वर्ष आहे, हे ध्यानात ठेवा.